९०.५ टक्के ‘तयार’: सर्जनच्या मूल्यमापनाचा आकडा कसा वाचायचा

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात मी तिसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंटसोबत बसले होते. एम.एस.ची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्या हातात तीन वर्षांचं लॉगबुक होतं. पानापानावर तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, ऑपरेशनचं नाव आणि तिची भूमिका लिहिलेली: असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. शेवटचा रकाना सहीचा, आणि तो बऱ्याच पानांवर कोरा. सर आले तेव्हा ती म्हणाली, “सर, एवढ्या सह्या राहिल्यात.” “ठेव इथं, राउंड झाला की करतो.” राउंडनंतर अर्ध्या तासात सगळ्या सह्या झाल्या, एकाच पेनाने.

कोणाचा अप्रामाणिकपणा उघड करायला मी हे सांगत नाहीये. तिने ती ऑपरेशनं खरोखरच केली होती आणि सरांनाही ते माहीत होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या एका हर्नियाच्या ऑपरेशनात तिचा हात कसा चालला होता, कुठे अडला, कुठे सरांनी कात्री स्वतःच्या हातात घेतली, हे त्या सहीत कुठे आहे? कुठेच नाही. लॉगबुक किती केलं ते सांगतं, कसं केलं ते सांगत नाही.

क्षमताधारित मूल्यमापन, म्हणजे आपण सगळे ज्याला कॉम्पिटन्सी-बेस्ड असेसमेंट म्हणतो ते, ही उणीव भरून काढायला आलं. सध्या वैद्यकीय शिक्षणात पीएच.डी. किंवा एम.डी.-एम.एस.चा थिसिस करू पाहणाऱ्यांमध्ये हा विषय लोकप्रिय आहे. “आमच्या विभागात अमुक फॉर्म लागू केला आणि रेसिडेंटचे गुण सुधारले” अशा धर्तीचे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला येतात. म्हणून आज या विषयातला एक महत्त्वाचा पेपर घेऊन तो नीट तपासू या. पेपर चांगला आहे, म्हणूनच निवडला. वाईट पेपरवर टीका करून फारसं शिकायला मिळत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

सर्जनला घडवायची जुनी पद्धत वेळेवर आणि संख्येवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉलस्टेड यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रेसिडेन्सीची जी घडी बसवली, तिचा गाभा हाच होता: वॉर्डात राहायचं, वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचं आणि पायरीपायरीने जबाबदारी वाढत न्यायची. आज अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची आहे आणि त्यात किमान ८५० मोठी ऑपरेशनं नोंदवावी लागतात. आपल्याकडे एम.एस. तीन वर्षांचं. दोन्हीकडे गृहीत एकच आहे, की इतका काळ आणि इतक्या केसेस झाल्या म्हणजे माणूस तयार झाला.

या गृहीताला वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न विचारले गेले. १९९० साली जॉर्ज मिलर यांनी चार थरांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो आणि प्रत्यक्ष कामात करतो. आपल्या बहुतेक परीक्षा खालच्या दोन थरांवर थांबतात. १९९७ मध्ये टोरांटोच्या गटाने ‘ओसॅट्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत टाके घालणं, आतडं जोडणं अशी कामं ठरावीक निकषांवर तपासली जातात, म्हणजे आपण तिसऱ्या थरावर पोचलो. २००५ साली नेदरलँड्सचे ओले टेन काटे यांनी प्रश्नच बदलला. ‘या रेसिडेंटला किती गुण द्यायचे’ हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे काम याच्यावर सोपवता येईल का?’ अशा सोपवण्याजोग्या कामांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईपीए’ म्हणतात. अपेंडिक्सच्या दुखण्याचा रुग्ण तपासून, निदान करून, ऑपरेशन करून घरी पाठवणं हे एक ईपीए झालं.

अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने २०१८ मध्ये २८ प्रशिक्षण केंद्रांत पाच ईपीए घेऊन चाचणी सुरू केली आणि जुलै २०२३ पासून १८ ईपीए सगळीकडे लागू केले. कॅनडाच्या रॉयल कॉलेजने २०१७ पासून एकेक विषय क्षमताधारित पद्धतीत आणायला सुरुवात केली; पहिले दोन विषय भूलशास्त्र आणि कान-नाक-घसा हे होते. त्याआधी २००९ मध्ये टोरांटोच्या ऑर्थोपेडिक्स विभागाने मोजक्या रेसिडेंटना घेऊन हा प्रयोग केला होता आणि २०१३ पासून तो सगळ्यांसाठी लागू केला.

पेपर काय सांगतो

आपला पेपर २०१७ चा, ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकातला. ब्रायन जॉर्ज आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न सरळ आहे: अमेरिकेतले जनरल सर्जरीचे रेसिडेंट बाहेर पडताना स्वतंत्रपणे काम करायला तयार असतात का?

पद्धत अशी. ऑपरेशन झालं की शिक्षक-सर्जन मोबाइलवरच्या ‘सिंपल’ नावाच्या ॲपमध्ये तीन गोष्टी नोंदवतो. एक, रेसिडेंटला किती मोकळीक दिली. यासाठी झ्विश मापपट्टी आहे आणि तिच्या चार पायऱ्या आहेत: दाखवून-सांगून, सक्रिय मदत करून, मागे राहून मदत करून आणि फक्त देखरेख ठेवून. दोन, कामगिरी कशी होती. इथे ‘प्रॅक्टिससाठी तयार’ ही एक पायरी आहे. तीन, केस किती अवघड होती. काम मिनिटभराचं आहे आणि तीन दिवसांत नोंद केली नाही तर संधी जाते. आमच्या त्या लॉगबुकशी तुलना करा, म्हणजे ही सुधारणा केवढी मोठी आहे ते कळेल.

सप्टेंबर २०१५ ते डिसेंबर २०१६ या काळात १४ केंद्रांतल्या ४४४ शिक्षकांनी ५३६ रेसिडेंटच्या १०,१३० ऑपरेशनांची नोंद केली. मूलभूत मानल्या गेलेल्या ऑपरेशनांमध्ये ‘तयार’ किंवा त्याहून वरचा शेरा मिळण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी १२.३ टक्के होतं, शेवटच्या वर्षी ७७.१ टक्के. सगळी ऑपरेशनं धरली तर खरी मोकळीक, म्हणजे झ्विशच्या वरच्या दोन पायऱ्या, पहिल्या वर्षी १५.१ टक्के केसेसमध्ये मिळाली आणि शेवटच्या वर्षी ६५.७ टक्के केसेसमध्ये. आणि सगळीकडे उद्धृत होणारा आकडा असा: रेसिडेन्सीच्या शेवटच्या आठवड्यात, सरासरी अवघड रुग्णावर, सरासरी मूलभूत ऑपरेशन करताना, एका प्रातिनिधिक रेसिडेंटला सक्षम ठरवलं जाण्याची शक्यता ९०.५ टक्के. रुग्ण गुंतागुंतीचा असेल तर ८४.६ टक्के. ऑपरेशनच अवघड असेल तर ८० टक्क्यांच्याही खाली.

आता हे तपासू.

पहिला मुद्दा: ९०.५ म्हणजे काय नाही

‘दहातला एक सर्जन अपात्र असतो’ असं हे वाक्य वाचलं जातं. पेपर तसं म्हणत नाही. ९०.५ ही रेसिडेंटची टक्केवारी नाही. ती एका कल्पित सरासरी रेसिडेंटच्या एका सरासरी ऑपरेशनाबद्दल सांख्यिकी मॉडेलने काढलेली शक्यता आहे. प्रत्यक्ष पाहिलेला आकडा ७७.१, तोही संपूर्ण शेवटच्या वर्षाचा. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तुमच्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत हा आकडा घालणार असाल तर कोणत्या प्रश्नाचं उत्तर घालताय ते आधी लिहून काढा.

सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. समजा दहाही रेसिडेंट दहात एकदा अडखळतात. किंवा नऊ जणी कधीच अडखळत नाहीत आणि एक जण नेहमीच अडखळतो. दोन्हीकडे सरासरी सारखीच येईल. पण पहिल्या ठिकाणी सगळ्यांना थोडा सराव हवा आणि दुसऱ्या ठिकाणी एका माणसाला थांबवायला हवं. विभागप्रमुखाला निर्णय व्यक्तीबद्दल घ्यायचा असतो, सरासरीबद्दल नाही.

दुसरा मुद्दा: कोणत्या केसेस नोंदल्या गेल्या?

१०,१३० हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. ५३६ ने भागा. एका रेसिडेंटमागे जेमतेम १९ नोंदी येतात, त्याही सोळा महिन्यांच्या काळात. पाच वर्षांत ८५० ऑपरेशनं म्हणजे वर्षाला सरासरी १७०. सगळे रेसिडेंट सोळाही महिने अभ्यासात नव्हते आणि पहिल्या वर्षाला ऑपरेशनं कमीच मिळतात, हे धरलं तरी नोंदलेल्या केसेस हा झालेल्या केसेसचा लहानसा भाग आहे.

मग उरलेल्या केसेस कुठे गेल्या? ज्या दिवशी ऑपरेशन छान झालं त्या दिवशी रेसिडेंट उत्साहाने “सर, फॉर्म भराल का?” म्हणणार. ज्या दिवशी रक्तस्राव झाला, सर ओरडले, त्या दिवशी ती मोबाइल खिशातून काढेल का? नोंद ऐच्छिक असली की असा गाळ बसण्याची शक्यता असतेच. कॅनडातही क्षमताधारित पद्धत आल्यावर रेसिडेंटची मोठी तक्रार हीच होती, की आम्ही फॉर्म गोळा करत फिरतो. फॉर्म मिळवणं हे रेसिडेंटचं काम झालं की कोणती केस नोंदवायची हेही तिच्याच हातात जातं.

तिसरा मुद्दा: हात मोजला की विश्वास?

माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आकडे पुन्हा पाहा. शेवटच्या वर्षी मूलभूत ऑपरेशनांपैकी ७७.१ टक्के केसेसमध्ये कामगिरी ‘तयार’, पण सगळी ऑपरेशनं धरली तर खरी मोकळीक ६५.७ टक्के केसेसमध्ये. म्हणजे काही वेळा शिक्षक ‘तयार आहे’ असा शेरा देत असावा, पण सूत्रं सोडत नसावा. ज्या ऑपरेशनात अवघड भाग सरांनी स्वतः केला, त्यात रेसिडेंटची कामगिरी कशी होती हे कोणत्या आधारावर ठरवायचं? उरलेल्या सोप्या भागाच्या? शेरा देणारा आणि मोकळीक देणारा माणूस एकच आहे, आणि रेसिडेंट कितव्या वर्षाला आहे हे त्याला आधीच माहीत आहे. पाचव्या वर्षाची आहे म्हणजे तयार असणार, हा विचार शेऱ्यात शिरत नसेल असं आपण छातीठोक सांगू शकतो का?

उलट बाजूही आहे. ज्याला संधी मिळत नाही त्याची क्षमता कागदावर येतच नाही. छाती-शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणावर २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, याच झ्विश मापपट्टीवर, महिला रेसिडेंटना पुरुषांपेक्षा कमी मोकळीक मिळत असल्याचं दिसलं. आपल्याकडे रेसिडेंट याला ‘कटिंग मिळणं’ म्हणतात. कोणत्या युनिटला गेलं की कटिंग मिळते आणि कुठे तीन वर्षं रिट्रॅक्टर धरावा लागतो, हे हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दुसऱ्या युनिटच्या रेसिडेंटला फॉर्मवर कमी शेरा मिळाला तर ते मूल्यमापन तिचं झालं की युनिटचं?

शेरा विश्वासार्ह असूच शकत नाही असं मात्र मी म्हणत नाही. २०१३ साली जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या २० बॅरिॲट्रिक सर्जनांकडून प्रत्येकी एक व्हिडिओ घेतला आणि तो किमान दहा समव्यावसायिकांना दाखवला. ऑपरेशन कोणाचं आहे हे पाहणाऱ्यांना माहीत नव्हतं. कौशल्याच्या क्रमवारीत तळाच्या चौथाई सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं आणि वरच्या चौथाईत ५.२ टक्के. म्हणजे हात पाहून दिलेल्या शेऱ्याचा रुग्णाशी खरा संबंध असू शकतो. पण तिथे दहा डोळस परीक्षक होते, नाव झाकलेलं होतं आणि शेवटी रुग्णाचं काय झालं हे तपासलं होतं. व्हिडिओ सर्जनने स्वतः निवडलेला होता आणि हे सगळे शिकून बाहेर पडलेले सर्जन होते, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरीही जॉर्ज यांच्या पेपरशेजारी तो ठेवला की काय हवं होतं ते कळतं. एका शिक्षकाचा एका केसबद्दलचा शेरा हा पुराव्याचा एक तुकडा आहे. त्यावरून एकट्याने निकाल लावता येत नाही.

आपल्याकडे आणताना

भारतीय वैद्यकीय परिषदेने एमबीबीएसला २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आणला, आणि एम.एस. जनरल सर्जरीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातही ‘क्षमताधारित’ हा शब्द आहे. पण एम.एस.ची अंतिम परीक्षा लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवा या घाटाचीच राहिली आहे. परीक्षक उमेदवाराला जिवंत रुग्णावर ऑपरेशन करताना सहसा पाहत नाही. म्हणजे मिलर यांच्या पिरॅमिडचा वरचा थर लॉगबुकवर सोडलेला आहे आणि लॉगबुकचं काय होतं ते आपण सुरुवातीला पाहिलं.

अशा ठिकाणी ॲप किंवा फॉर्म आणणं सोपं आहे. अवघड प्रश्न पुढचा: ‘अजून तयार नाही’ असा शेरा आला तर काय करायचं? क्षमताधारित पद्धतीचा मूळ विचार असा, की क्षमता ठरलेली आणि वेळ लवचीक. टोरांटोच्या प्रयोगाने अभ्यासक्रमाचे तुकडे पाडून ही लवचीकता आणायचा प्रयत्न केला. अमेरिकेने ईपीए आणले, पण पाच वर्षं तशीच ठेवली. आपल्याकडे छत्तिसाव्या महिन्यात परीक्षा, मग शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना महाराष्ट्रात बाँडची सेवा, आणि खालून नवी बॅच आलेली. एखाद्या विभागप्रमुखाने तिसाव्या महिन्यात खरंखुरं ‘तयार नाही’ लिहिलं तर त्या मुलीला जास्तीची कटिंग कोण देणार, कोणत्या युनिटमध्ये, कोणाच्या वाट्याची? याचं उत्तर नसेल तर शिक्षक काय करेल? ‘तयार’ लिहील. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे. ज्या शेऱ्यामुळे विद्यार्थिनीचं फक्त नुकसानच होणार आणि मदत काहीच होणार नाही, तो शेरा कोण देईल? मग सहा महिन्यांनी आपण आलेख काढणार: फॉर्म लागू केल्यावर शेरे सुधारले! माझ्याकडे येणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते.

मग संशोधन कशावर करायचं?

विषय सोडा असं मी म्हणणार नाही. प्रश्न बदला. माझ्या मते पुढच्या चार गोष्टी आपल्याकडच्या विभागांत, मोठ्या निधीशिवाय करता येतील.

१. शेऱ्यांची संख्या मोजण्याआधी न नोंदलेल्या केसेस मोजा. ओटीचं रजिस्टर आणि फॉर्म शेजारी ठेवा. कोणत्या वेळच्या, कोणत्या युनिटच्या, कशा निकालाच्या केसेस फॉर्ममध्ये येत नाहीत? हा एकटा प्रश्नसुद्धा थिसिसला पुरेल.

२. एकाच ऑपरेशनावर दोन शेरे घ्या. एक ऑपरेशनात असलेल्या शिक्षकाचा, दुसरा नाव झाकलेला व्हिडिओ पाहणाऱ्या बाहेरच्या सर्जनचा. लॅपरोस्कोपीत व्हिडिओ तसाही उपलब्ध असतो. रुग्णाची संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी घ्या. दोन शेऱ्यांत फरक किती आणि कोणाच्या बाबतीत जास्त, ते पाहा.

३. जिल्हा रेसिडेन्सीचा उपयोग करा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. तिथल्या सर्जनला या मुलांचं वर्ष माहीत असतं, पण पूर्वग्रह नसतो. ना लाडका, ना नावडता. पहिल्या आठवड्यात तो काय काय सोपवतो आणि बाराव्या आठवड्यात काय, याची नोंद मला कोणत्याही गुणांपेक्षा जास्त बोलकी वाटते. शिवाय ते मिलर यांच्या सगळ्यात वरच्या थरावरचं काम आहे.

४. ‘तयार नाही’ या शेऱ्याचा माग काढा. तो किती वेळा दिला जातो, आणि दिल्यावर पुढच्या महिन्यात त्या रेसिडेंटच्या वेळापत्रकात काही बदलतं का? काहीच बदलत नसेल तर तुमच्या विभागात मूल्यमापन आलेलं नाही, फक्त फॉर्म आला आहे. तसं दिसलं तर तसंच लिहा. नकारात्मक निष्कर्षाचा थिसिसही थिसिसच असतो.

लॉगबुकवाली ती रेसिडेंट पास झाली. बाँडसाठी ती एका उपजिल्हा रुग्णालयात गेली. तिथे रात्री आतड्याला पीळ पडलेला रुग्ण येतो तेव्हा भूल देणारे डॉक्टर बोलावता येतात, पण तिच्यामागे उभे राहणारे सर नसतात. काही दिवसांपूर्वी तिला फोन केला तेव्हा मी विचारलं, पहिल्या रात्री काय वाटलं. ती म्हणाली, “मला येतंय का, हे तोपर्यंत मला कोणी विचारलंच नव्हतं गं.”

तुमच्या सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक रकान्याला हे वाक्य लावून पाहा. त्या रकान्यातून तिला उत्तर मिळालं असतं का? मिळालं नसतं, तर तो रकाना बदला.